सदतीस अंशांवर

कुओपिओत फेब्रुवारीत उजाडतं
ते उपकार केल्यासारखं.
नऊ वाजता इन्क्युबेटरचं दार उघडते.
काल संध्याकाळी पिवळसर होतं ते एलडीएल
रात्रीत फिकं पडलंय.
कणभर तांबं घातलं होतं,
आणि सदतीस अंश,
माणसाच्या आतलं नेहमीचं हवामान.
एवढं पुरतं.

नासलं, असं मी म्हणते.
हेल्लेवी म्हणते, अहवालात 'बदललेलं' लिही.
तसं लिहिते.
पण लोणी खवट झालं की घरभर कळायचं,
कुणाला लिहून द्यावं लागायचं नाही.

मग पेशींच्या बशीत थेंब सोडते.
मॅक्रोफेज. गस्तीवरच्या.
धमनीच्या भिंतीत असं काही पडलेलं दिसलं
तर उचलायचं, संपवायचं, निघायचं,
एवढंच त्यांना ठाऊक.
धड एलडीएलसाठी त्यांच्या अंगावर एक दार असतं,
पोट भरलं की ते मिटतं.
नासक्याचं दार निराळं.
त्याला कडीच नाही.

म्हणून खातात.
शिस्तीनं खातात, कुणाचंही नुकसान मनात न आणता.

दुपारी अंधारखोलीत रंग भरून बघते.
पेशीचं पटल म्हणजे तेलाचा दुपदरी थर,
भिंत कसली, वाहतं ते.
वाहतं असेल तिथे हिरवं उजळतं,
घट्ट बसलं असेल तिथे निळं.
पहिल्या तासाला सगळं हिरवं होतं.
आता चोविसावा तास.
काठाकाठानं निळं धरलंय,
आत थेंबांवर थेंब, साबणाच्या फेसासारखे,
आणि ज्या पायावर पेशी सरकते
तो पसरून तसाच पडलाय.
भरपूर पसरलाय. उचलत नाही.

निळा बर्फ धरतो, वडील सांगायचे.
पांढऱ्यावर भरवसा नको, करड्यावर तर पायच नको,
निळ्यावर घोडा ने.
कल्लावेसी तळ्यावर त्यांनी मला असं
रंगावरून चालायला शिकवलं.
बर्फाखाली जाळी, खिशात राईची भाकरी,
तिच्यावर बोटभर खारं लोणी.
लहानपणी उपाशी राहिलेला माणूस,
पानात काही टाकायचा नाही.

बहात्तरच्या मार्चमध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी,
जाळं ओढता ओढता ते खाली बसले.
त्यांना आणायला चौघे गेले, घसरगाडी घेऊन.
बर्फानं सगळ्यांना धरलं.
हातभर जाड, निळा,
कुठे चीरसुद्धा नव्हती.

हे मी हेल्लेवीला सांगितलेलं नाही.
तिला आकडे हवेत: किती टक्के निळं,
किती पेशी हलल्या, किती मायक्रॉन.
तीही चुकत नाही.
बशीतल्या पेशी तशाही कुणा अनोळखी दात्याच्या,
त्याचा फक्त क्रमांक माझ्याकडे आहे,
आणि तो जिवंत आहे, बहुधा आत्ता
कुठेतरी बर्फ खरवडत असेल दारासमोरचा.

रविवारी आईकडे जाते.
इम्पी, वय एक्क्याण्णव, कान शाबूत.
वडिलांना दुसरी भाकरी नको म्हणताना
तिनं कधी ऐकलं नाही,
हे ती दर रविवारी सांगते,
आणि दर रविवारी मला तिच्याकडे बघवत नाही.
मग विषय बदलायला म्हणून,
की त्याच विषयावर राहायला, ती विचारते,
'तुझ्या त्या पेशींचं काय झालं? गेल्या?'
'नाही, आहेत अजून तिथेच.'
'जेवल्या?'
'हो.'
कॉफीच्या तांब्याच्या किटलीवरून हात फिरवत ती म्हणते,
'मग उठतील की.
पोट भरल्यावर कोण बसून राहतं?'